बाबांच्या रिपोर्टातली गाळलेली ओळ

ज्या माणसाच्या बाजूने तुम्ही भांडता, त्याला तुम्ही कधी विचारलं आहे का, की तुझं नेमकं दुखतंय कुठे?

मी विचारलं नव्हतं. मी त्यांच्यासाठी लिहिलं, गेटवर उभी राहिले, सभेत टाळ्या घेतल्या. विचारायचं मात्र राहून गेलं. आणि तो माणूस परका नव्हता, माझे बाबाच होते. त्या न विचारण्यापायी चौदा महिने गेले. ते चौदा महिने कुणीतरी मला माफ केले असं मी आज मानते. कुणी केले, हे मला सिद्ध करायचं नाही. घडलं तसं सांगते.

आम्ही रोह्याचे. कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी, तिथे आमच्या दोन खोल्या. बाबा तीस वर्षं एका रसायनांच्या कारखान्यात शिफ्टला होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि ‘कामगार बंधूंनो’ने सुरू होणारे कागद जास्त. त्यामुळे मला लहानपणापासून एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की प्रत्येक दुःखाला एक जबाबदार असतो आणि त्याचं नाव मोठ्या टायपात छापायचं असतं. बाबा मात्र पत्रक लिहून झालं की तोच पेन खिशाला लावून गणपतीपुढे हात जोडायचे. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नसे. मला वाटायचं, आणि कॉलेजात गेल्यावर तर मी ते बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, “तू भांडत जा. आपल्या घरात दोघांची सोय हाय.”

आई गेली त्याला पाच वर्षं झाली. ती असताना बाबांच्या कमरेवर एक चट्टा होता, फिका लाल, थोडा कोरडा. ती त्याला नायटा म्हणायची आणि मेडिकलमधून ट्यूब आणून लावायची. लावली की चट्टा फिका व्हायचा, थांबवली की परत यायचा, कधी शेजारी दुसरा घेऊन. ती गेल्यावर बाबा स्वतःच ट्यूब आणू लागले. ते निवृत्त झाल्यानंतर एकदा बनियन वर करून त्यांनी मला कुशीवरचा चट्टा दाखवला, “हा काय पिच्छा सोडत नाय गो.” मी तो पाहिला आणि त्याच क्षणी मनात निकाल देऊन टाकला. तीस वर्षं रसायनांत काढलेला माणूस, आणि अंगावर चट्टे. आणखी काय पुरावा हवा होता? मी त्या एका चट्ट्याचा फोटो काढला. बाकी अंग पाहिलं नाही. मुलगी वडिलांची पाठ कशाला बघेल, असं म्हणून मी स्वतःला सोडवू शकते, पण ते पूर्ण खरं नाही. मला जेवढं हवं होतं तेवढं मिळालं होतं, म्हणून मी पुढे पाहिलं नाही.

माझ्याच आग्रहाने आम्ही एका त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कातडीचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तो इंग्रजीत, दीड पानी. त्यात लिहिलं होतं की सूज आहे, असे बदल एखाद्या पदार्थाच्या संपर्काने होणाऱ्या त्वचारोगातही दिसतात, निश्चित निदान करता येत नाही. आणि अगदी शेवटी एक ओळ होती, की चट्टे टिकून राहिले तर सर्व मलमं काही आठवडे बंद करून निरनिराळ्या जागचे तुकडे पुन्हा तपासावेत. मी ‘पदार्थाच्या संपर्काने’ या शब्दांखाली लाल रेघ मारली. शेवटची ओळ वाचली. दोनदा वाचली. तिचा मला उपयोग नव्हता. बाबांना मी सांगितलं, “डॉक्टर म्हणतात कंपनीच्या मालाचीच ॲलर्जी आहे.” मग पत्रक लिहिलं, त्यात रिपोर्टातलं ते वाक्य अवतरणात टाकलं, आणि ‘निश्चित निदान करता येत नाही’पासून पुढचं सगळं गाळलं. कंपनीच्या गेटवर वाटलं, रोहा स्टेशनवर वाटलं. लोक थांबून वाचत होते. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत गाजलेलं पत्रक. बाबा मलम लावत राहिले.

असं एक वर्ष आणि वर दोन महिने गेले. आषाढ आला. आमचा गणपती पेणहून येतो, कारण आजोबा पेणकडचे. मूर्तीच्या कारखान्यात आधीच पाट नेऊन द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. घरचा लाकडी पाट, त्यावर सुपारी नि नारळ, मागच्या बाजूला खडूने आडनाव. त्या पाटावरच आपली मूर्ती बसते. पाट घरच्या कर्त्याने स्वतः नेऊन द्यायचा, कुणाच्या हाती पाठवायचा नाही. बाबांना खाज इतकी वाढली होती की एसटीच्या सीटला पाठ टेकत नव्हती, तरी ते ऐकेनात. मी सोबत गेले ती त्यांच्यासाठी म्हणून नाही. पेणच्या छापखान्यात पत्रकाची दुसरी आवृत्ती टाकायची होती.

पेणला उतरलो तेव्हा पाऊस आडवा मारत होता. बाबांनी छत्री पाटावर धरली आणि स्वतः नखशिखांत भिजले. कारखान्यात शिरलो तर ओळींनी गणपती उभे, सगळे पांढरे, कुणाला रंग नाही की डोळे नाहीत. दमट हवेमुळे मूर्ती वाळेनात म्हणून जागोजागी मोठे दिवे लावून ठेवले होते. बाबांनी पाट खाली ठेवला आणि समोरच्या कोऱ्या मूर्तीला हात जोडले.

मी म्हटलं, “बाबा, अजून डोळेही काढलेले नाहीत.”

“मग तर बरंच,” ते म्हणाले. “मी काय अवतारात आलोय ते त्याला दिसायचं नाय.”

तिथे एक मावशी मूर्तीचं घासकाम करत बसल्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास, केसांवर आणि भुवयांवर पांढरी धूळ. त्या बाबांकडे बघून म्हणाल्या, “अवो दादा, पाट कोरडा नि तुम्ही चिंब. सदरा काढा नि त्या दिव्याजवळ बसा. आमचे देव वाळतायत तसे तुम्ही पण वाळा.” बाबा संकोचले. मावशींनी पंचा फेकला, “लाजताय काय? इथं समदे उघडेच बसलेत.” बाबा हसले आणि सदरा, बनियन काढून दिव्याच्या बाजूला पाठ करून बसले.

दिव्याचा उजेड बाजूने पाठीवर पडत होता. मी बाबांची पाठ पाहिली. खांद्यापासून कमरेपर्यंत चट्टे होते. काही तांबूस, काही तपकिरी, काहींवरची कातडी चुरगळलेल्या पातळ कागदासारखी. दोन जागी ते जाड होऊन वर आले होते, बाजूच्या उजेडात त्यांची सावली पडत होती. मावशी उठल्या, विचारलं नाही काही, आणि मूर्तीवरून फिरवतात तसा तळवा त्यांनी बाबांच्या पाठीवरून हलका फिरवला.

“हे कधीपासून?”

बाबांच्या आधी मीच बोलले. “कंपनीतल्या केमिकलचं आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय.” आणि पिशवीतून पत्रक काढून पुढे केलं.

मावशींनी पत्रकाकडे पाहिलंच नाही. स्वतःचे दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या होत्या, मनगटापर्यंत कातडी सोललेली. “रंगाचं, पावडरचं असं असतंय गो. जिथं लागतंय तिथं खातंय. आता ह्यांचे हात बघ. मानेला बघ. काय हाय?” बाबांचे हात तळव्यापासून कोपरापर्यंत स्वच्छ होते. मान स्वच्छ होती. “कपड्याखालीच हाय समदं. केमिकल काय सदरा उचलून आत शिरलं? आणि हे बघ, हे वरचं नाय. वरचं असलं तर हाताला किरकिरतंय. हे आतून वर येतंय.”

“मावशी, हे तपासून लिहिलंय,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “तुम्हाला त्यातलं काय कळतं?”

“मला नाय कळत,” त्या शांतपणे म्हणाल्या आणि परत घासायला बसल्या. “पण कागदावर लिवलं म्हणून पाठ बदलतेय व्हय?”

कष्टकऱ्याचं ज्ञान, कष्टकऱ्याचा अनुभव, या शब्दांवर मी किती लिहिलंय. आणि आयुष्य मूर्तींच्या अंगावर हात फिरवण्यात घालवलेल्या बाईला मी ‘तुम्हाला काय कळतं’ म्हणाले. छापखान्यात मी त्या दिवशी गेले नाही. परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी पुढे वाकून बसले होते, पाठ टेकू नये म्हणून. वडखळला गाडी थांबली, फेरीवाले आले, बाबांनी मला शेंगा घेऊन दिल्या. मला एकही सोलता आली नाही. घरी येऊन ट्रंकेतला रिपोर्ट काढला आणि ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. ओळ तीच होती, फक्त या वेळी ती कुणाच्या पाठीबद्दल आहे ते मला ठाऊक होतं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्याहून आठदहा वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी बाबांना पूर्ण तपासलं, अगदी पायाच्या तळव्यापर्यंत. काखा, जांघा चाचपल्या. मग विचारलं, “आजवर काय काय लावलंत?” बाबांनी ट्यूबांची नावं सांगायला सुरुवात केली. सहाव्या नावाला बाईंनी पेन खाली ठेवला. त्या म्हणाल्या, की यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. ते वरवर सूज दाबतं आणि त्यामुळे तुकडा तपासला तरी आतला आजार ओळखू येत नाही. आता महिनाभर सगळं बंद. नुसतं खोबरेल लावायचं. खाज वाढेल, सहन करायची. मग तीन जागचे तुकडे काढू. “मला एक शंका आहे,” त्या म्हणाल्या, “पण तपासल्याशिवाय मी तिचं नाव घेणार नाही.” मग त्यांनी जुना रिपोर्ट उलटला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि आमच्या दोघांकडे पाहिलं. “हे सव्वा वर्षापूर्वीच लिहिलं होतं. का नाही केलं?”

मी तोंड उघडलं. बाबा माझ्या आधी म्हणाले, “माझंच राहून गेलं, डॉक्टर.”

मला वाटलं, त्यांना काही माहीत नाही, डॉक्टर रागावतील म्हणून ते अंगावर घेतायत. मी गप्प राहिले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं जे कृपेचं आहे ते वाचताना माझं हे गप्प राहणं वाचकाने विसरू नये.

श्रावण आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. मलम बंद होताच सगळे चट्टे फुलून आले, जणू इतकी वर्षं दारामागे उभे होते. बाबा लाकडी फळीवर ताठ बसून असत आणि खाज आली की मुठी आवळून गणपतीची आरती पुटपुटत. “आरती म्हणून खाज थांबते का?” मी एकदा विचारलं. “थांबत नाय,” ते म्हणाले, “पण तेवढा वेळ जातो.” मी खोबरेल लावायची. रोज त्यांची पाठ बघायची. आणि रोज मनात एकच हिशेब, चौदा महिने. त्या चौदा महिन्यांत हे जे काही आहे ते आत कुठवर गेलं असेल? चतुर्थीच्या आधी चार दिवस तीन तुकडे काढले. कमरेवर, पाठीवर, मांडीवर टाके पडले. रिपोर्टला तीन आठवडे लागणार होते. खास रंग लावून पेशी ओळखायच्या असतात, त्याला वेळ लागतो, असं बाईंनी सांगितलं.

मांडीवर टाके घेऊन बाबांना मूर्ती मांडीवर घेऊन बसता येणार नव्हतं. आमचा गणपती कधी टेम्पोत ठेवून आणलेला नाही, मांडीवरच येतो. घरात दुसरं कोण होतं? मीच. बाबांनी विचारलं नाही, आज्ञा केली नाही. नुसतं म्हणाले, “रफीकला सांगितलंय. दुपारी निघा म्हंजे दिवसाउजेडी याल.”

रफीकभाई आमचे अष्टमीतले शेजारी. बारा वर्षं कुवेतला गाडी चालवून परत आले आणि आता त्यांची स्वतःची व्हॅन आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते आळीतल्या निम्म्या घरांचे गणपती आणतात. पेणला पोचलो तेव्हा आमच्या पाटावर बाप्पा तयार होते. डोळ्यांची आखणी त्याच सकाळी झाली होती. मी पुरते पाहायच्या आत मालकांनी चेहऱ्यावर लाल रुमाल टाकला, घरी पोचेपर्यंत तो काढायचा नसतो. मावशींचा दिवस आधीच संपला होता, त्या दिसल्या नाहीत. मी मागच्या सीटवर बसले आणि त्यांनी पाटासकट मूर्ती माझ्या मांडीवर ठेवली. शाडूची मूर्ती, दीड फुटाची, पण वजन असं की मांड्या सीटमध्ये रुतल्या.

वडखळच्या आधीच गाड्यांची रांग लागली. मुंबईहून गावाला निघालेलं सगळं जग त्या नाक्यावर अडकलं होतं. रफीकभाईंनी इंजिन बंद केलं. “घ्या,” ते म्हणाले, “बाप्पाला पण वडखळ काय चुकत नाय.” मी हसले नाही. माझे दोन्ही हात मूर्तीभोवती घट्ट होते. बोटं पांढरी पडली होती. त्यांनी आरशातून पाहिलं. “ताई, आवळू नका त्याला. आवळला की सोंड नायतर बोट जातंय, हमखास. दरसाल एक तरी मोडतो. तुम्ही मागं टेका नि त्याला तुमच्या अंगावर टेकू द्या. तो बसतो बरोबर. आपण धरला नाय तर पडेल, असं वाटतं माणसाला. पडत नाय.”

मी मागे टेकले. हात सैल केले. मूर्तीचं सगळं वजन माझ्या छातीवर आणि पोटावर आलं, आणि खरोखरच ती हलली नाही. बाहेर हॉर्न वाजत होते. मला लिहिता येत नव्हतं, हात उगारून बोलता येत नव्हतं, फोन हातात घेता येत नव्हता. कितीतरी वर्षांत माझे दोन्ही हात असे रिकामपणाने भरलेले नव्हते. तेव्हा मला कळलं की मी चौदा महिने, खरं तर त्याच्याही आधीपासून, बाबांनाच असं आवळून धरलं होतं. माझ्या म्हणण्याला पुरावा म्हणून. ते मोडतील की काय हे पाहिलं नव्हतं.

मी त्या रुमालाखालच्या चेहऱ्याशी बोलले. मोठ्याने नाही. मी म्हटलं, मला तुझ्याकडे काही मागायला तोंड नाही. मी तुला मानत नव्हते आणि आता गरज लागली म्हणून मानते असंही म्हणणार नाही. पण मी चुकले. रिपोर्टात जे यायचं ते येऊ दे. आजार असेल तर असेल, मी वाचेन, शेवटपर्यंत वाचेन, आणि बाबांना वाचून दाखवेन. कुणाला जबाबदार धरायचं ते आता मी ठरवणार नाही. एवढंच म्हटलं. उत्तर आलं नाही, प्रकाश दिसला नाही. छातीवरचं वजन तेवढंच होतं. पण श्रावणभर जो हिशेब डोक्यात चालला होता, तो थांबला होता. रांग हलायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. रफीकभाई म्हणतात दीड तास. मला तो कमी पडला.

घरी बाबा दारात तांब्या घेऊन उभे होते. त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा मूर्तीवरून ओवाळून बाहेर टाकला. मी बाप्पाला मखरात ठेवलं. रुमाल काढायला बाबा पुढे झाले आणि मी म्हटलं, “थांबा. आधी मला बोलायचंय. पहिल्या रिपोर्टात शेवटी एक ओळ होती.”

“परत तुकडे काढा, ती?”

“तुम्हाला कशी माहीत?”

“मी वाचली होती, बाय. तीस वर्षं शिफ्टचं लॉगबुक इंग्रजीतच भरलंय मी. तुला काय वाटलं?”

“मग बोलला का नाही?”

ते मखराची एक झालर सरळ करत राहिले. “तू ते पत्रक घेऊन आलीस ना, तेव्हा तुझी आई गेल्यावर पयल्यांदा मी तुला हसताना बघितलं. म्हटलं, राहू दे. चट्टा तर हाय, जातोय कुठं.” मग म्हणाले, “आणि खरं सांगू? मला पण कंपनीच पायजे होती. एवढी वर्षं तिथं घातली. उगाच, कशाचंच नाय, असं दुखणं कुणाला आवडतंय?”

मी रडले. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले आणि दुसऱ्या हाताने त्यांनी रुमाल काढला.

गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर रिपोर्ट आला. मी डॉक्टर बाईंना विनंती केली, की मला नाही, बाबांना वाचून दाखवा, आणि शेवटपर्यंत. त्यांनी खुर्ची बाबांच्या जवळ ओढली. त्वचेचा लिम्फोमा, त्या म्हणाल्या. एक दुर्मिळ प्रकारचा कर्करोग. रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी आपलं रक्षण करतात त्यांतल्याच काही बिघडतात आणि कातडीत ठाण मांडतात. त्याचं नाव मायकोसिस फंगॉइड्स. नावात बुरशी आहे, पण बुरशीशी संबंध नाही, जुन्या डॉक्टरांना चट्टे तसे दिसले म्हणून ते नाव पडलं. तो वर्षानुवर्षं नायट्यासारखा, इसबासारखा दिसत राहतो. म्हणून भल्याभल्यांना चकवतो. बहुधा कपड्याखाली, जिथे ऊन लागत नाही तिथेच सुरू होतो. मावशींचा तळवा मला आठवला.

“हे कंपनीमुळे झालं का?” हे मी नाही, बाबांनी विचारलं.

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “कशाने होतो ते नक्की कुणालाच माहीत नाही. जे मला माहीत नाही ते मी सांगणार नाही.”

मग मी विचारलं ते, जे विचारायची मला भीती होती. चौदा महिने. बाई खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “उशीर चांगला नसतोच. दोन चट्टे जाड झालेत, ते आधी झाले नसते कदाचित. पण काखा-जांघांतल्या गाठींत नाही, रक्तात नाही. अजून कातडीतच आहे. तुमचं नशीब.” त्या नशीब म्हणाल्या. त्यांच्या जागी तोच शब्द योग्य होता. माझ्याजवळ त्यासाठी दुसरा शब्द आहे आणि तो उच्चारताना मला आता लाज वाटत नाही.

उपचार म्हणजे उजेड. आठवड्यातून तीनदा पनवेलला जाऊन बाबा अतिनील किरणांच्या दिव्यांच्या एका कपाटात उभे राहतात, काही मिनिटं. डोळ्यांना गडद चष्मा. पहिल्या दिवशी बाहेर येऊन म्हणाले, “पेणला फुकट शेकलं होतं, इथं नंबर लावावा लागतो.” चट्टे फिके पडतायत. हा आजार पुरता जातोच असं नाही, तो सांभाळत जगायचं असतं, हे आम्हाला स्पष्ट सांगितलं आहे. आम्ही सांभाळतोय.

मावशींकडे मी पेढे घेऊन गेले. त्यांना आधी आठवेना. “कुणाची पाठ? हां, तो पाट कोरडा ठेवणारा.” मी त्यांची माफी मागितली तर म्हणाल्या, “मी कुठं काय केलं गो? दिवा बाजूला व्हता, दिसलं.” त्यांच्या हातांसाठी मी हातमोजे नेले होते. ते त्यांनी घेतले नाहीत. मोजे घातले की हाताला कळत नाही, म्हणाल्या. तो वाद आमचा अजून चालू आहे.

आणि मी दुसरं पत्रक छापलं. त्याच गेटवर, त्याच स्टेशनवर उभी राहून वाटलं. त्यात मी लिहिलं की पहिल्या पत्रकात मी रिपोर्टातली अर्धी गोष्ट लपवली होती, माझ्या वडिलांचा आजार कंपनीमुळे झाला असं म्हणायला मला आधार नाही. एकजण मोठ्याने म्हणाला, “किती मिळाले ग कंपनीकडून?” जवळचे हसले. मी पत्रक वाटत राहिले. नदीसाठी, कारखान्यांच्या वासाविरुद्ध, सुरक्षेच्या साधनांसाठी मी आजही भांडते आणि भांडणार. पण आता मी ज्याच्यासाठी भांडते त्याच्याजवळ आधी बसते. समर्पण म्हणजे लढाई सोडणं, असं मी पूर्वी समजत होते. तसं नसतं. आपल्याला हवं ते उत्तर सोडून द्यायचं असतं. ते सुटलं की खरं उत्तर यायला जागा होते. मला ही जागा एका घासकाम करणाऱ्या बाईने, एका व्हॅनवाल्याने आणि एका टाके पडलेल्या म्हाताऱ्याने करून दिली. त्या तिघांना एका ओळीत कुणी उभं केलं, यावर मी वाद घालणार नाही. मी फक्त हात जोडते.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. आज उजेड असेपर्यंत घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला सदरा काढून खिडकीपाशी बसायला सांगा. आई असेल, आजी असेल, तर घरातल्या बाईने बघावं. पाठ, कंबर, मांड्या. महिनोन् महिने येऊन-जाऊन असलेला एखादा चट्टा दिसला, तर मेडिकलमधून नवी ट्यूब आणू नका. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा एका पिशवीत घाला आणि ती पिशवी घेऊन त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. बहुतेक वेळा तो साधा नायटाच निघेल. निघू दे. पण बघा.